कडोदऱ्याचा निरोप

श्रावणातली भुरभुर चालली होती आणि उधना दरवाज्याहून लिंबायतला जाणारी शेअर रिक्षा काही केल्या भरत नव्हती. सुवर्णा मागच्या सीटच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. पडद्यासारखं बांधलेलं मेणकापड वाऱ्यानं आत यायचं आणि तिच्या दंडाला गार ओठ टेकावेत तसं टेकून परत जायचं. शेजारी एक जाडगेले गृहस्थ होते. रिक्षावाला बाहेर उभा राहून "लिंबायत, लिंबायत, एक सवारी" असं ओरडत होता.

ती एक सवारी धावत आली. खांद्यावर तांब्याच्या तारेचं मोठं वेटोळं, हातात अवजारांची पिशवी, केसांतून पाणी निथळतंय. तो आत शिरला तसं तारेचं टोक थेट सुवर्णाच्या पदरात अडकलं.

"अरे अरे... सॉरी हां ताई. थांबा, ओढू नका, फाटंल."

सुवर्णाचा हात पदरावरच थांबला.

हा आवाज! हा आवाज ती रोज ऐकत होती. कधी सकाळी, कधी भर दुपारी, कधी बंद करायच्या वेळेला. हा आवाज थकलेला असला की कसा लागतो, खुशीत असला की कसा चढतो, सगळं तिला पाठ होतं. फक्त त्याला चेहरा नव्हता. तो आज, असा अचानक, हातभर अंतरावर... सावळा, लांबट, भुवईवर भाजल्याची एक बारीक खूण असलेला.

त्यानं हळुवारपणे तार सोडवली. मधल्या गृहस्थांशी त्याचं बोलणं सुरू झालं. त्यांच्या लूमची मोटर जळाली होती. त्यानं लगेच खिशातून कार्ड काढलं.

"या नंबरवर फोन करा, शेठ. मी कामावर असलो तरी आमच्या ऑफिसात मॅडम असतात. लई हुशार बाई हाय. तुमचं काम अर्ध्या शब्दात समजून घेतील."

"ऑफिस कोठे आहे आपलं?"

"ऑफिस... हाय की. रिंग रोडच्या त्या... अंगाला." तो चाचरला.

सुवर्णानं पदर तोंडावर धरला. त्या मॅडम इथेच बसल्या होत्या, आणि त्यांना हसू आवरत नव्हतं. उतरताना तिनं रिक्षावाल्याच्या हातावर मुकाट्यानं नाणी ठेवली. एक शब्द जरी बोलली असती तरी तिला त्यानं ओळखलं असतं.

"ताई, बघा, काय राहिलं तर नाही ना?" तो मागून म्हणाला.

तिनं नुसती मान हलवली आणि पावसात चालू लागली. घरापर्यंत तिला भिजल्याचं कळलंच नाही.

त्या काळी सुरतेत टेलिफोन मिळवायचा म्हणजे नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची. मोठ्या शेठांकडे फोन असत. पण मोटर वाइंडिंग करणारा, टेम्पो चालवणारा, साड्यांना फॉल लावून देणारी बाई, लग्नात मांडव घालणारा, अशा लहान माणसांनी काय करायचं? दिवसभर ती माणसं फिरतीवर. गिऱ्हाईक त्यांना शोधणार कुठं? मगनभाई नावाच्या एका सुरती माणसानं यावर धंदा काढला होता. सगरामपुऱ्यात त्याच्या घरामागच्या खोलीत त्यानं फोन ओळीनं मांडले होते. महिन्याची फी भरली की तो नंबर तुमचा. तुमच्या कार्डावर छापा, पाटीवर रंगवा. फोन वाजला की सुवर्णा उचलायची.

"नमस्ते, बळीराम मोटर वर्क्स."

पुढचा फोन. "नमस्ते, अंबिका मांडव. शेठ बहार गया छे, शुं काम हतुं?"

समोरचा ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत ती उत्तर द्यायची. गुजराती, हिंदी, मराठी. काम काय, कुठं, किती घाईचं, सगळं विचारून घ्यायची. मग ती ती माणसं कुठल्या कुठल्या पीसीओवरून फोन करत आणि ती त्यांना निरोप देई. कोण कुठल्या वस्तीत आहे, कुणाला आधी कुठं पाठवायचं, कुठल्या रागावलेल्या गिऱ्हाइकाला गोड बोलून थोपवायचं, हे सगळं तिच्या डोक्यात. मगनभाईची अट एकच होती. ही खोली कुठं आहे ते कुणाला सांगायचं नाही आणि कुठल्याही ग्राहकाला तोंड दाखवायचं नाही. "ऑफिस दिसलं की ऑफिसची इज्जत जाते," तो म्हणे.

तिला ही अट सोयीची होती. दिवसभर ती इतक्या माणसांशी बोलायची, पण तिला कुणी काही विचारायचं नाही. संध्याकाळी लिंबायतच्या खोलीचं कुलूप उघडलं की आत कुणी नसे. आई जाऊन बरेच दिवस झाले होते. वडील, दगा आबा, हजीऱ्याला एका ठेकेदाराकडे वॉचमन होते. तिकडेच राहायचे, रविवारी यायचे. ती स्टोव्ह पेटवायची, एकटीपुरती भाकरी थापायची आणि शेजारच्या घरांतली भांडणं, रडणं, हसणं ऐकत जेवायची. कधी कधी तिला वाटायचं, दिवसभर वापरून आवाज संपला, आता आपल्यासाठी काही उरलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो फोन आला.

"मॅडम, बळीराम बोलतो. काही निरोप?"

"आहे. काल रिक्षात एक जाडगेले शेठ भेटले होते ना, त्यांचा फोन होता. पांडेसऱ्याला बोलावलंय."

पलीकडे जरा वेळ नुसती घरघर.

"मॅडम... रिक्षात भेटले, हे त्यांनी सांगितलं?"

"त्यांनी काही नाही सांगितलं."

"मग?"

"आम्हाला सगळं कळतं. आणि तार जरा गुंडाळून धरत जा. लोकांच्या साड्या फाटतील एखाद दिवशी."

तिनं फोन ठेवला आणि स्वतःच्याच धिटाईनं तिचे कान तापले. मिनिटभरात फोन पुन्हा खणखणला.

"आवो मॅडम! तुम्ही त्या रिक्षात होता? त्या... ताई? मी तोंडसुद्धा नीट बघितलं नाही! कशा होता तुम्ही?"

"बळीरामभाऊ, एका कॉलमध्ये एकच निरोप."

"एक तर ते भाऊ काढा. या सुरतेत सगळे भाऊ न् सगळ्या बेन. मग लोकांची लग्नं होतात कुणाशी?"

ती हसली. फोन हातात धरून मोठ्यानं हसली, आणि हसल्यावर दचकून दाराकडे पाहिलं. मगनभाई नव्हता.

बळीराम हिंगोलीकडचा. आला तेव्हा लूमवर कामगार होता. तिथंच मोटर बांधायला शिकला आणि मग स्वतःचं काम काढलं. कडोदऱ्याला एका खोलीत चौघांच्यात राहायचा. पाळीपाळीनं झोपायचं, कारण खाटाच पुरत नव्हत्या. हे सगळं त्यानं एकदम नाही सांगितलं. निरोप घेता घेता, रुपयाचं नाणं संपेपर्यंत, तुकड्या-तुकड्यानं. तिनंही तसंच रविवारी घरी येणाऱ्या आबांचं सांगितलं, स्वतःचं नाव मात्र नाही.

त्याचं काम वाढत होतं, आणि ते कशामुळं हे त्याला ठाऊक होतं. आधी तो एकाच दिवसात कडोदऱ्याहून इच्छापोर आणि इच्छापोरहून पुन्हा उधन्याला असा धावायचा. निम्मा दिवस रस्त्यातच जायचा. सुवर्णानं त्याला दिवस वाटून दिले. "मंगळवारी इच्छापोरची सगळी कामं. एकदाच जा, सगळी उरकून या." गिऱ्हाइकांनाही ती तसंच सांगायची. एखादा चिडलाच तर, "शेठ, घाईघाईत बांधलेली मोटर पुन्हा जळेल, चालेल?" असं म्हणून गप्प करायची.

"मॅडम, तुम्ही नसता तर मी अजून पानाच्या टपरीवर चिठ्ठ्या ठेवत बसलो असतो."

"काम तुम्हीच करता."

"काम तर सगळेच करतात. आज काय खाल्लं तुम्ही?"

"हे निरोपात येतं?"

"येतं. लिहून घ्या. बळीरामनं विचारलं, मॅडम जेवल्या का."

श्रावणात खानदेशातल्या कानबाई देवीचा उत्सव झाला तेव्हा तिनं त्याला रोटांचं, म्हणजे त्या दिवशीच्या प्रसादाच्या जेवणाचं सांगितलं. तो बिचारा मराठवाड्याचा, त्याला कानबाई ठाऊक नव्हती. "म्हणजे देवीबी आणि जेवणबी? आमच्याकडं तर देव वेगळा न् जेवण वेगळं." मग गणपती गेले, दसरा गेला. थंडी पडू लागली. एक दिवस फोन नाही आला तर ती रिसीव्हर उचलून आवाज येतोय ना ते बघायची. घरी परतताना शेअर रिक्षात कुणी लांबट, सावळा चढला की ती चटकन पदर सावरायची. पण तो रस्ता त्याचा रोजचा नव्हता.

नदीपलीकडच्या शेतांतून पोंक यायला लागला, ज्वारीचा कोवळा हुरडा. गाड्यांवर शेव, लिंबू आणि पोंक. एका दुपारी तो म्हणाला, "मॅडम, रविवारी पोंक खायला येता? नदीकाठी. दिवसाउजेडी. लोक असतात तिथं." मग आवाज खाली गेला. "मला... बघायचंय तुम्हाला. तुम्ही मला बघितलंय, हा अन्याय हाय."

तिनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"उद्या सांगते."

"उद्या नक्की?"

"नक्की."

त्या संध्याकाळी तिनं स्टोव्ह पेटवलाच नाही.

त्याला ती कुमारिका वाटत होती. मॅडम, हुशार, हसरी, हजरजबाबी. त्याला काय ठाऊक, की अठराव्या वर्षी हिचं लग्न झालंय. लिंबायतच्या मराठी शाळेतून काढून हिला शहाद्याकडच्या एका गावात दिली होती. की दोन वर्षांत नवऱ्यानं दुसरी आणली, आणि पंचांनी पारावर बसून काडीमोड केला. आबा आले, तिची ट्रंक डोक्यावर घेतली आणि काही न बोलता तिला सुरतेला परत घेऊन आले. तेव्हापासून वस्तीत ती 'दगाची सोडलेली पोर'. बायका हळदीकुंकवाला बोलवायच्या नाहीत. फोनवर मात्र कुणी सासर विचारत नव्हतं. म्हणून तर तिला तो फोन आवडायचा.

आता सांगायला हवं होतं. पोंक खाऊन झाल्यावर सांगणं ही फसवणूक झाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी महत्त्वाचा निरोप आला. कडोदऱ्याचे भगवानभाई, मोठ्या युनिटचे मालक. त्यांना आपल्या सगळ्या लूमच्या मोटरी सांभाळायला कायमचा माणूस हवा होता. युनिटच्या आवारातच एक गाळा देणार होते, राहायला आणि कामाला. शिवाय गाळ्यात फोन. संध्याकाळी ते लग्नासाठी सौराष्ट्राकडे निघणार होते. "आज सांज सुधीमां आवे तो काम एनुं," ते म्हणाले. "नाही आला तर दुसरा माणूस तयार आहे."

सुवर्णानं "नक्की पाठवते, शेठ" म्हटलं आणि फोन ठेवला. गाळा. स्वतःचा फोन. म्हणजे महिना संपला की बळीराम मोटर वर्क्सला हा नंबर नको. तिनंच दिवस वाटून, गिऱ्हाइकं सांभाळून त्याला इथपर्यंत आणलं होतं, आणि आता तिनंच त्याला सांगायचं होतं की जा.

दुपारी फोन वाजला.

"मॅडम, निरोप-बिरोप मागून. आधी माझं उत्तर."

"सांगते. मधे बोलू नका."

तिनं डोळे मिटून सांगितलं. लग्न, शहादा, दुसरी बायको, पंच, काडीमोड. एका दमात, गिऱ्हाइकाचा पत्ता सांगावा तसं सरळ. "...आता तुम्हाला बघायचं असेल तर बघा. नसेल तरी मला राग नाही."

पलीकडे काहीच नाही.

"हॅलो?"

घरघरसुद्धा नाही.

"हॅलो... बळीराम?"

पहिल्यांदाच तिनं नुसतं नाव घेतलं होतं, आणि ते ऐकायला पलीकडे कुणी नव्हतं. तिनं रिसीव्हर जागेवर ठेवला. मग हात मांडीवर ठेवले आणि भिंतीकडे बघत बसली. ठीक आहे, ती मनाशी म्हणाली. ठीकच आहे. फोन ठेवला त्यानं. निदान वाईट काही बोलला तरी नाही.

बराच वेळ गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की खोलीत कमालीची शांतता आहे. एकही फोन वाजला नव्हता. तिनं एक उचलला; मुका. दुसरा, मुका. तेवढ्यात मगनभाई हाश्शहुश्श करत आला.

"पाण्याची लाइन खोदतायत नाक्यावर. केबल कपाई गयो! सगळ्या मोहल्ल्याचे फोन बंद. आठवडा तरी गेला म्हण."

म्हणजे... लाइन गेली होती? केव्हा? तिचं सांगून व्हायच्या आधी, का नंतर? का त्यानं ठेवला आणि मग लाइन गेली? हे कळायला काहीच मार्ग नव्हता. आणि मग एकदम तिला दुसरं आठवलं आणि ती उभीच राहिली.

भगवानभाईंचा निरोप! तो द्यायचा राहूनच गेला होता. स्वतःचं सांगण्याच्या नादात.

"मगनभाई, मला कडोदऱ्याला जायचंय. बळीरामचा निरोप राहिलाय. संध्याकाळच्या आत पोचला नाही तर त्याचं मोठं काम जाईल."

"एनुं नसीब," मगनभाई खुर्चीत टेकत म्हणाला. "केबल मी थोडीच तोडली? आणि ग्राहकासमोर जायचं नाही, ठाऊक आहे ना तुला?"

"केबल तुटायच्या आधी फोन आला होता. मी सांगितलं नाही. चूक माझी आहे."

"सुवर्णाबेन, अट म्हणजे अट."

तिनं पर्स उचलली. "मग उद्या दुसरी बाई बघा," ती म्हणाली. मगनभाई उठायच्या आत ती दाराबाहेर होती.

स्टेशनवरून बारडोलीची एसटी मिळाली. खिडकीतून थंड वारा येत होता. वाटेत दोनदा तिला उतरून परत फिरावंसं वाटलं. ज्यानं आपल्याला ऐकून फोन ठेवला असेल त्याच्या दारात आपण चाललोय... काय म्हणेल तो? मागं लागली म्हणेल? पण तो आज कुठल्या युनिटमध्ये आहे हे भगवानभाईंना ठाऊक नव्हतं, त्याच्या खोलीतल्या माणसांना ठाऊक नव्हतं. फक्त तिला ठाऊक होतं. तिनंच तर त्याला तिथं पाठवलं होतं.

कडोदऱ्याच्या चोकडीवर, मोठ्या चौरस्त्यावर उतरून ती पेट्रोलपंपामागच्या शेडकडे गेली. लांबूनच लूमचा खडखडाट अंगावर आला. दारात सुंदरा नावाची एक बाई बॉबिन भरत बसली होती. सुवर्णानं बळीरामचं नाव घेतलं. सुंदरानं कानाला हात लावून मान हलवली. मग सुवर्णानं हातानंच मोटर फिरवल्याची खूण केली. सुंदरा हसली आणि शेडच्या टोकाकडे बोट दाखवलं.

आत आवाजाची भिंत होती. हवेत धाग्यांचा भुसा तरंगत होता. तो एका लूमखाली आडवा झाला होता, हात कोपरापर्यंत काळे. तिनं हाक मारली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. ज्या आवाजावर ती जगत होती, त्याचा इथं काडीचा उपयोग नव्हता.

त्यानं वर पाहिलं. कुणीतरी बाई उभी. कामाला आली असेल असं वाटून त्यानं बॉबिनवाल्यांकडे हात केला, तिकडे विचारा म्हणून. आणि पुन्हा लूमखाली गेला.

तिला रडू येणार होतं. पण ती खाली वाकली, अगदी त्याच्या कानाशी, आणि म्हणाली, "भगवानभाईंनी बोलावलंय. त्यांच्या युनिटवर. आत्ताच्या आत्ता."

त्याच्या हातातला पाना गळून पडला. तो उठायला गेला आणि लूमच्या पट्टीवर त्याचं डोकं आपटलं. कपाळ चोळत तो तिच्याकडे बघत राहिला... नुसता बघत राहिला. मग त्यानं तिला दाराकडे चलण्याची खूण केली.

बाहेर, सुताच्या पोत्यांच्या आडोशाला जरा ऐकू येत होतं.

"मॅडम... तुम्ही इथं?"

"निरोप होता." तिनं जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. कायमचं काम, गाळा, फोन. "संध्याकाळी ते निघतील. आधी जा."

"आणि दुपारचं?"

"दुपारचं संपलं. तुम्ही फोन ठेवलात."

"मी ठेवला?" तो ओरडलाच. "आवो, मी बोलत होतो! कितीतरी वेळ बोलत होतो. तो पीसीओवाला हसायला लागला, म्हणला, भाई, लाइन गेली, कुणाशी बोलतो? मग मी पुन्हा लावला. रिंग जात होती, जात होती, तुम्ही उचलेनात. मला वाटलं, तुम्हीच रुसलात."

"इकडे एकही फोन वाजला नाही."

दोघं एकमेकांकडे बघू लागले. त्याच्या कपाळावर टेंगूळ यायला लागलं होतं. तिला हात लावून बघावंसं वाटलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"तुम्ही... सगळं ऐकलं होतं?"

"सगळं."

"आणि काय बोलत होता?"

फोनवर इतका बोलणारा माणूस समोर आल्यावर चप्पल मातीत घासत उभा होता.

"खोटं कशाला बोलू," शेवटी तो म्हणाला. "पहिल्यांदा धक्का बसला. मी काही बोललो नाही, ते खरं. मग मी म्हणलं... आईला सांगायला लागंल. ती दोन दिवस जेवायची नाही. मग मी तिला सांगीन की ह्या बाईनं मला माणसात आणलंय. दिवसभरात मला कुणी विचारत नाही की जेवला का, जगतो का. तुमच्याशी बोललो की वाटतं, चला, आज आपण होतो. असंच काहीबाही म्हणलं. आता समोर नीट येईना."

"नीट आलं," ती हळूच म्हणाली.

"मग पोंक?"

"आधी भगवानभाई."

"जातो. तुम्ही थांबा इथं. मी आलोच."

"नाही. बारडोलीहून परतीची गाडी येईल. अंधारायच्या आत पोचायला हवं." तिनं चोकडीकडे पाहिलं. धूळ उडवत एसटी येतच होती. "पळा तुम्ही. हात धुऊन जा."

तो भगवानभाईंच्या दिशेनं चार पावलं गेला आणि परत धावत आला. ती बसच्या पायरीवर चढली होती.

"मॅडम! तुमचे आबा रविवारी घरी असतात ना?"

"असतात."

"आणि घर?"

कंडक्टरनं घंटी ओढली. ती खिडकीशी आली. गाडी हलली तशी ती बाहेर तोंड काढून, घंटी-इंजिनच्या वर आवाज चढवून म्हणाली, "लिंबायत! शाळेमागची चाळ! दगा आबा विचारा... कुणीही दाखवेल! आणि माझं नाव सुवर्णा!"

बसमधली माणसं वळून बघायला लागली. तिनं डोकं आत घेतलं आणि पदर गालांवर दाबून धरला.

दुसऱ्या दिवशी ती भीत भीत सगरामपुऱ्याला गेली. मगनभाई पेपर वाचत होता. त्यानं पेपर न हलवता विचारलं, "संदेशो पहोंच्यो?"

"हो."

"मग बस. फोन बंद असले तरी पगार चालू आहे."

पण फोन बंदच राहिले. आठवडाभर ती त्या मुक्या यंत्रांसमोर बसून होती. काम त्याला मिळालं का, कपाळाचं टेंगूळ उतरलं का, आईला त्यानं सांगितलं का... काही म्हणजे काही कळत नव्हतं. आता त्याच्याकडे गाळा असेल, फोन असेल. चोकडीवर बोललेलं माणूस आठवड्यात विसरू शकतं. शहाद्याचे लोकही लग्नात किती गोड बोलले होते. ती घरी यायची, कुलूप काढायची, आणि कितीदा तरी दारातच थबकून चाळीच्या तोंडाकडे बघत राहायची.

रविवारी आबा आले. दाढी करून, धोतर वाळत घालून ओट्यावर बसले. सुवर्णानं त्यांना काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार? सकाळ गेली. आबांनी विचारलं, "जेवनी का पोरी?" ती म्हणाली, "भूक नही, आबा."

ऊन कलायला लागलं तेव्हा चाळीच्या तोंडाशी कुणीतरी दगा आबांचं घर विचारत होतं. तिनं पाहिलं नाही. तिला पाहायची गरजच नव्हती. ती आत गेली आणि स्टोव्हपाशी उगाच भांडी हलवू लागली.

बळीराम ओट्यावर बसला. हात स्वच्छ धुतलेले, शर्टाला इस्त्री. कागदाच्या पुडीत पोंक आणला होता. आबांनी गाव विचारलं, जात विचारली, घरी कोण-कोण, काम काय. त्यानं एकेक सांगितलं, आणि ऑफिसातल्या मॅडमना मागणी घालायला आलोय हेही. भगवानभाईंचं काम मिळालं. गाळा मिळाला. फोनही आहे.

"फोन शे, तं मंग आते ऑफिसवाली कसाले पाहिजे तुले?" आबांनी अहिराणीतच विचारलं. त्यांच्या मिशीखाली काही हललं की काय, ते दारातून दिसत नव्हतं.

"कामाला फोन मिळाला, आबा. बोलायला माणूस नको का?" तो म्हणाला, आणि मग स्वतःच लाजून पुडीकडे बघू लागला. "माझ्या आईनं होकार दिलेला नाही अजून. रडतीय. पण ती येईल. तिला आणल्याशिवाय मी पुढचं पाऊल टाकणार नाही. तुम्हाला आधी विचारायचं होतं."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. गल्लीत पोरं पतंगाच्या मांज्यावरून भांडत होती. मग ते उठले, आत आले. सुवर्णा भिंतीला टेकून उभी होती. आबांच्या हातांना हजीऱ्याच्या लोखंडाचा वास येत होता. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"त्या टाइमले तुले कोनी इचारं नही," ते म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "मीबी इचारं नही. आते इचारस. तुनं काय म्हननं शे?"

बाहेर तो खोकला. ओट्यावर त्यानं पाय बदलला. सुवर्णानं आबांच्या सदऱ्याचं बटण धरलं, लहान असताना धरायची तसं.

"माले पसंद शे, आबा."

आबांनी मान डोलावली. खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली, दुधाचं भांडं उचललं आणि ओट्यावर येऊन बळीरामला म्हणाले, "बस, पावना. मी दूध लई येस. चहा पी जाय."

ते चाळीच्या तोंडाशी दिसेनासे झाले. बळीराम उठून दारात आला, उंबऱ्याच्या बाहेरच थांबला. ती आतल्या बाजूला. मधे पोंकाची पुडी.

"सुवर्णा," तो म्हणाला.

"हं?"

"काही नाही," तो म्हणाला. "तुमचा आवाज ऐकायचा होता. बोलत राहा."

ती खाली बसली, पुडी उघडली आणि दोन ताटल्यांमध्ये पोंक वाढू लागली.